स्वयंपाकातलं एकच काम मुलांच्या हाती

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. संध्याकाळी तू कणकेला हात घातलास की धाकटा पायाला मिठी मारतो, थोरली "मला दे, मला दे" करते आणि शेवटी दोघांना मोबाइल देऊन पोळ्या उरकाव्या लागतात, असं परवा म्हणालीस. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इथल्या बालवाडीत भाज्या चिरणं, कणीक मळणं, टेबल मांडणं, पुसणं हे मुलांबरोबर रोज चालतं. त्यातलं तुझ्या घरात चालेल तेवढंच लिहिलं आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. मुलांना पदार्थ करायला देऊ नकोस, त्या पदार्थातलं एकच काम दे. "आज आपण मिळून पोळ्या करू" म्हटलं की पीठ चाळण्यापासून तव्यापर्यंत सगळ्यात हात घालायचा असतो, आणि त्यातलं निम्मं धोक्याचं असल्यामुळे तुला सारखं "नको, नको" करावं लागतं. त्याऐवजी सगळं तुझं, फक्त पाच उंडे करणं थोरलीचं. ते काम मात्र पूर्ण तिचंच. त्यात तू हात घालायचा नाही. आणि काम खरं हवं. खेळण्यातली भातुकली मुलांना पुरत नाही, कारण त्यातलं कोणी जेवत नाही. तिने केलेला उंडा लाटून त्याची पोळी बाबाच्या ताटात पडली पाहिजे.

दुसरं, ही कामं ओट्यावर करूच नकोस. तीन वर्षांच्या मुलाचं कोपर जमिनीपासून साधारण 55 सेंटिमीटरवर येतं आणि ओटा असतो 80-85 सेंटिमीटरचा. स्टुलावर उभं राहिलेलं मूल एका हाताने कडा धरतं आणि उरलेल्या एकाच हाताने काम करतं, म्हणून सांडतं. इथले ओटे तर 90 सेंटिमीटरच्या पुढे. त्यामुळे लोक मुलांसाठी चारी बाजूंनी कठडा असलेला लाकडी मनोरा विकत आणतात. तुला त्याची काही गरज नाही. आपल्याकडे पाट आहे, परात आहे, पोळपाट आहे, जमिनीवर बसायची सवय आहे. खाली जुनी चादर पसर, त्यावर परात ठेव. मांडी घालून बसलेल्या मुलाचे दोन्ही हात मोकळे असतात, पडायची भीती नाही आणि सांडलेलं सगळं चादरीवरच राहतं. गॅस आणि कुकरही आपोआप लांब राहतात.

आता कणीक. हे नीट वाच, कारण इथेच जास्त फसतं. थोरलीसाठी वेगळी छोटी परात घे. एक वाटी कणीक, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल. एवढ्या कणकेला वाटीचा तिसरा हिस्सा पाणी लागतं, साधारण 65-70 मिली. पण तिच्या हातात तेवढं सगळं द्यायचं नाही. छोट्या चोचीच्या भांड्यात त्याहून चमचाभर कमी दे. मुलं भांडं एकदम उपडं करतात, थोडं थोडं ओतायला मनगट अजून तयार नसतं. पाणी मोजलेलंच असलं की उपडं झालं तरी बिघडत नाही, आणि राहिलेला चमचा तू शेवटी शिंपडायचास. पाणी जास्त झालं की कणीक बोटांना चिकटते, मूल वैतागतं आणि हात झटकतं. तसं झालंच तर कोरडं पीठ वर टाकण्याआधी तिचे हात कोरड्या पिठाने चोळून घे. चिकटलेली कणीक निघून येते, धुवायला उठावं लागत नाही.

मळून झाल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवायची. हे टाळलंस तर लाटलेली पोळी रबरासारखी मागे येते, आणि तिला वाटतं आपल्याला येतच नाही. त्या वीस मिनिटांत परात पुसणं, पाट उचलणं होतं.

लाटायला लिंबाएवढा उंडा पुरे. पोळपाटाखाली ओलं फडकं पसर, नाहीतर तो फिरतो आणि मुलाची सगळी ताकद त्याला धरण्यातच जाते. पिठीचा डबा समोर ठेवू नकोस, बशीत चमचाभरच दे. भरपूर पिठी लावलेली पोळी तव्यावर करपते आणि वातड होते. सुरुवातीला पोळीपेक्षा पुरी बरी. लहान असते आणि वेडीवाकडी झाली तरी खाल्ली जाते. फक्त जाड-पातळ झाली तर फुगत नाही, तेव्हा कडा दाबायला शिकव. धाकट्याला लाटणं देऊ नकोस. त्याला उंडे तळहाताने चपटे करू दे, अडीच वर्षांच्या हाताला तेवढंच झेपतं. कच्ची कणीक चाटू देऊ नकोस. पीठ कच्चं असतं, त्यात जंतू असू शकतात.

सुरीबद्दल तू नक्की विचारशील. विळी अजिबात नको, शाळेत गेल्यावरही काही वर्षं नको. तिचं पातं वर असतं आणि हात खाली जातो. धाकट्याला लोणी लावायची बोथट सुरी आणि पिकलेलं केळं किंवा उकडलेला बटाटा. थोरलीला लहान, दातेरी पात्याची, टोक नसलेली सुरी चालेल. गुळगुळीत पात्याची बोथट सुरी तिला देऊ नकोस. ती घसरते, मग मूल जोर लावतं, आणि कापतं ते जोर लावल्यावर. काकडी आधी तू उभी मधोमध चिर आणि सपाट बाजू खाली ठेवून तिच्यापुढे ठेव. गोल काकडी घरंगळते, अर्धी काकडी जागा सोडत नाही. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, नखं काकडीवर टेकलेली आणि अंगठा मागे. हे बोलून कळत नाही. तू एकदा गप्प राहून, अगदी सावकाश करून दाखव. बोलत दाखवलंस तर मूल तुझ्या तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. किसणीचं काम असेल तर शेवटचा दोन बोटांएवढा तुकडा तू घे किंवा तिला खाऊ दे, कारण बोटं तिथेच किसली जातात.

हिरवी मिरची मुलांच्या हाती नको, लसूण चालेल. पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकल्या की साल सुटतं. लसूण सोलतानाही डोळ्याला हात लावायचा नाही हे आधी सांग. मिरचीचा हात लागलाच तर नुसत्या पाण्याने जळजळ जात नाही, आधी तेल चोळून मग साबण लावायचा.

मेथी निवडणं थोरलीसाठी उत्तम, पण पाव जुडीच दे. अख्खी जुडी समोर ठेवलीस तर दहा मिनिटांनी उठून जाईल, आणि अर्धवट टाकून उठायची सवय लागायला नको. मटार सोलायचे असतील तर शेंगेची शिवण कुठे दाबायची ते दाखव. शेंगदाण्याच्या शेंगा मात्र धाकट्याच्या जवळपासही नकोत. अख्खे दाणे, फुटाणे, काजू चार-पाच वर्षांच्या आत श्वासनलिकेत अडकू शकतात. दाण्याचं कूट चालतं. थोरलीला छोट्या खलबत्त्यात भाजलेले सोललेले दाणे दोन चमचेच दे. जास्त घातले की उडतात आणि खालचे कुटलेच जात नाहीत.

मटकी दोघांना मिळून देता येते. अर्धी वाटी मटकी धाकट्याने मोजून ओतायची, थोरलीने ताटात पसरून खडे निवडायचे, दोघांनी तीन पाणी बदलून धुवायची. आठ-दहा तास भिजली की पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांधायची. पाणी राहिलं तर बुळबुळीत होऊन वास येतो, गाठ आवळली तर मोडांना जागा मिळत नाही. तिकडच्या उकाड्यात बारा तासांत मोड येतील, इथे थंडीत दोन दिवस लागतात. मुलांना दर थोड्या वेळाने फडकं उघडून बघायचं असतं. बघू दे, फक्त हात ओला करून.

ताक घुसळणंही करून बघ. एक वाटी दही, दोन वाट्या गार पाणी, आणि पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं नको, नाहीतर रवी फिरली की ताक बाहेर.

आता ताट. वाढण्याचं काम मोठ्यांनाही वाटतं त्यापेक्षा मोलाचं आहे, आणि मुलं ते फार मनापासून करतात. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मग आमटीची वाटी. हा क्रम लागायला डावं-उजवं कळावं लागतं. किती माणसं तितकी ताटं, तितक्या वाट्या, तितके पेले मोजावे लागतात. इथल्या बालवाडीतही टेबल मांडायची पाळी ठरलेली असते आणि मुलं ती सोडत नाहीत. मीठ वाढायला छोट्या वाटीत एक चमचाच काढून दे. मिठाची बरणी हाती देऊ नकोस.

भांडी घासायला दोन टब. एकात तीन बोटं पाणी आणि साबणाचा एकच थेंब, दुसऱ्यात साधं पाणी. चमचे, वाट्या, पेले बस झाले. साबण जास्त पडला की फेस संपतच नाही आणि विसळायला बादलीभर पाणी जातं. काम झाल्या झाल्या टब आणि बादली रिकामी कर. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाजही होत नाही. पुसायला पंजाच्या दुप्पट एवढंच फडकं दे. मोठं फडकं त्यांना पिळता येत नाही, मग ओली फरशी, मग घसरणं. फिनेल तू नंतर वापर. केर काढायला देताना जमिनीवर खडूने चौकोन आखून दे आणि केर त्यात गोळा करायला सांग. चौकोन नसेल तर केर घरभर फिरतो.

घड्यांसाठी हातरुमालावर मधोमध रंगीत दोऱ्याचा धावदोरा घाल. त्या रेघेवर दुमडायचं. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या पद्धतीत अशा रेघा असतात. 1939 मध्ये त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. पण आपल्याला त्याहून जवळच्या ताराबाई मोडक. त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर बालवाड्या चालवल्या, त्या शंख-शिंपले, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर. तू महाग साधनांच्या मागे लागू नकोस, असं मी म्हणते ते याच भरवशावर.

सासूबाईंना एक गोष्ट आदराने पण स्पष्ट सांग. मुलीने घातलेली घडी तिच्यासमोर उलगडून पुन्हा घालू नये. वाटल्यास ती झोपल्यावर. समोर पुन्हा केलं की तिचं काम खोटं ठरतं आणि पुढच्या वेळी ती येत नाही. आणि धाकटा मुलगा आहे म्हणून त्याला यातून सोडू नका. सांडलं तर "बघ, सांगितलं होतं ना" नको, "फडकं तिथे आहे" एवढंच. फडकं मात्र खरंच त्यांच्या उंचीवर टांगलेलं हवं. कामाला चॉकलेट किंवा पैसे लावू नका. नाहीतर उद्या मीठ वाढायचेही मागतील.

वेळ संध्याकाळी साडेसातची नको. तेव्हा सगळ्यांना भूक असते आणि तू घाईत असतेस. पाच वाजता पंधरा मिनिटं त्यांचं काम, नंतर तुझा स्वयंपाक. डिजिटल वजनकाट्यात बटणाएवढी बॅटरी असेल तर झाकण स्क्रूने आवळलंय ना ते आजच बघ. ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

दिवाळी जवळ आली आहे, तेव्हा शंकरपाळी त्यांच्याकडून कातून घे. पाव वाटी तूप, पाव वाटी साखर, पाव वाटी दूध एकत्र कोमट करून साखर विरघळव, पूर्ण गार कर आणि मावेल तसा मैदा घाल, साधारण सव्वा वाटी. कोमट असतानाच मैदा घातला तर तो जास्त पितो आणि शंकरपाळी दगडासारखी होतात. तुपाचा हात सैल सुटला तर तेलात विरघळतात, म्हणून आधी एकच टाकून बघ. फिरकीने रेघा मारणं थोरलीचं, तुकडे सुटे करून ताटात पसरणं धाकट्याचं. तळण तू दार लावून कर.

इथे डिसेंबरात मुलांबरोबर बिस्किटं करतात, त्यांचं माप पाठ करायला सोपं आहे: 100 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम लोणी, 300 ग्रॅम मैदा. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर लहान हातांच्या उबेने लोणी वितळून पोळपाटाला चिकटतो. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून साचे दाबायचे, 180 अंशांवर दहा मिनिटं, कडा सोनेरी दिसल्या की बाहेर. तुझ्याकडे ओव्हन आहे, नाताळच्या सुट्टीत करून बघ.

दातेरी सुऱ्या दोन घेऊन ठेवल्या आहेत, जानेवारीत येणाऱ्यांबरोबर पाठवते. तोपर्यंत केळं आणि बटाटा. दादांना आणि सासूबाईंना नमस्कार, पोरांना पापा. मेथीचं काय झालं ते कळव.

तुझी,
ताई