केसपेपरवर तोंडाच्या तपासणीलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी कोणाची प्रकृती पुढच्या दोन-तीन दिवसांत बिघडेल, कोणाला आयसीयूत हलवावे लागेल, हे आधीच ओळखण्याच्या पद्धतींविषयी सध्या बरेच बोलले आणि लिहिले जाते. परिसेविका म्हणून माझी नोकरीची बहुतेक वर्षे पुण्यात मेडिसिन वॉर्डात गेली असल्याने या चर्चेतली एक उणीव मला सतत जाणवते. रुग्ण आला की आपण नाडी, ताप, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन लगेच लिहून घेतो. मधुमेह, दमा, हृदयविकार आहे का ते विचारतो. डॉक्टर जीभही बाहेर काढायला सांगतात, पण ती रक्त कमी आहे का, अंगातले पाणी कमी झाले आहे का, एवढेच पाहण्यासाठी. दात, हिरड्या, कवळी यांच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही, आणि गेलीच तरी दिसलेले लिहायला केसपेपरवर जागा नसते.

सध्याच्या पद्धती कुचकामी आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ ही गुणपद्धती अत्यंत उपयोगी आहे. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि ताप यांना गुण द्यायचे, बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे आणि सात झाली की अतिदक्षतेची तयारी ठेवायची, इतकी ती सरळ आहे. नव्याने रुजू झालेली स्टाफ नर्सही ती आत्मविश्वासाने वापरू शकते. मात्र हे सर्व आकडे बिघाड सुरू झाल्यावर हलतात. ज्याच्यात बिघाड अजून सुरू झालेला नाही, पण होण्याची शक्यता अधिक आहे, असा रुग्ण ओळखायचा तर त्याची आधीची प्रकृती पाहावी लागते, आणि तोंड हा त्या प्रकृतीचा उघडा, विनाखर्च तपासता येणारा भाग आहे.

यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. दातांवर साचणाऱ्या थरात जंतूंची दाट वस्ती असते. निरोगी, हिंडत्याफिरत्या माणसात लाळ, चघळणे आणि रोजचे दात घासणे यांमुळे ती आटोक्यात राहते. रुग्ण अंथरुणाला खिळला की हे तिन्ही आधार एकदम सुटतात. तापाने, ऑक्सिजनच्या मास्कने आणि अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, जेवण पातळ किंवा नळीवाटे होते, आणि ब्रश तर घरीच राहिलेला असतो. अत्यवस्थ रुग्णांच्या तोंडातले जंतू दाखल झाल्यापासून एक-दोन दिवसांतच बदलू लागतात आणि एरवी तिथे क्वचितच आढळणारे, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतूही ठाण मांडतात. त्यात रुग्ण गुंगीत असेल, किंवा पक्षाघातामुळे त्याचे गिळणे बिघडलेले असेल, तर लाळेचे बारीक थेंब नकळत श्वासनलिकेत उतरत राहतात. दाखल झाल्यानंतर ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला आपण रुग्णालयातला न्यूमोनिया म्हणतो. त्यातल्या बऱ्याच जंतूंचा उगम रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात असतो.

वॉर्डात टॉर्च आणि लाकडी चपटी पट्टी घेऊन पाहिले की काय काय दिसते, ते सांगते. मुळशी, वेल्हा, भोर भागातून येणाऱ्या वयस्कर बायकांच्या दातांवर मिश्रीचा काळा थर असतो, हिरड्या मागे सरून दातांची मुळे उघडी पडलेली असतात आणि पट्टीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते. विचारले तर “दात तर काही दुखत नाहीत, बाई” असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते, कारण हिरड्यांचा हा आजार वर्षानुवर्षे न दुखता वाढतो. मध्यमवर्गीय घरांतल्या आजी-आजोबांची तऱ्हा वेगळी असते. त्यांची कवळी दाखल झाल्या दिवसापासून तोंडातच असते, कारण ती काढून ठेवायला डबी नाही, आणि चारचौघांत बोळके दिसावे असे कोणाला वाटत नाही. तशी कवळी काढली की खाली टाळूवर लालभडक चट्टा आणि अन्नाचा आंबलेला लगदा दिसतो. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षांवरील ५२४ वृद्धांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री कवळी घालूनच झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुपटीहून अधिक आढळला होता.

करोनाच्या काळातही हा संबंध पुढे आला. कतारमधील ५६८ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, मधुमेह, धूम्रपान वगैरे लक्षात घेऊनही, हिरड्यांचा व दातांच्या आधारहाडाचा आजार असलेल्या रुग्णांमध्ये आयसीयूची शक्यता सुमारे साडेतीन पट, व्हेंटिलेटरची साडेचार पट आणि मृत्यूची त्याहूनही बरीच जास्त दिसून आली. प्रकृती गंभीर झालेले रुग्ण त्या अभ्यासात अवघे ४० होते, त्यामुळे हे पट जसेच्या तसे कोणी धरू नयेत. त्याच वर्षी म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या आजाराची) लाट आपण महाराष्ट्रात अनुभवली. मधुमेही, स्टिरॉइड घेतलेल्या कित्येक रुग्णांत गालावरची सूज, अचानक हलू लागलेला दात किंवा टाळूवरचा काळा डाग ही सुरुवातीची लक्षणे होती. जिथे कोणी वेळेवर तोंडात डोकावले, तिथे शस्त्रक्रिया लवकर होऊ शकली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. ज्याचे तोंड वाईट, त्याचा मधुमेह बहुधा अनियंत्रित, खाणे निकृष्ट, तंबाखूचे व्यसन जुने आणि हातात पैसा कमी. मग आजार तोंडामुळे वाढला की या सगळ्यामुळे, हे कसे सांगणार? मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, असा हा दुहेरी गुंता आहे, आणि देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचे २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने दाखवले आहे. परंतु कोणाची प्रकृती बिघडेल एवढेच आधी ओळखायचे असेल, तर हा गुंता सोडवून होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तोंडाची स्थिती स्वतः कारण असो वा वर्षानुवर्षांच्या हेळसांडीची खूण, ती आपल्याला रुग्णाविषयी असे काही सांगते जे एका वेळच्या नाडी-रक्तदाबात सापडत नाही. वृद्धाश्रमांतील रहिवाशांसाठी ऑस्ट्रेलियात वापरली गेलेली एक पद्धत त्यासाठी तयारच आहे. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे या आठ गोष्टींना शून्य ते दोन गुण, एकूण सोळा. हाताला सवय झालेल्या परिचारिकेला त्याला काही मिनिटे पुरतात, दंतवैद्य लागत नाही.

आणि नुसते ओळखून थांबायचेही नाही. रुग्णांवर केलेल्या पंधरा तुलनात्मक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. रुग्णालयात रोज ब्रशने दात घासल्याने न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत हा लाभ स्पष्ट आहे, आणि दिवसातून तीनदा घासल्याने दोनदापेक्षा वेगळा फायदा दिसत नाही, असे त्यात आढळले. तीस-चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसून काम भागते ही समजूतही आता मागे पडली असून, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना ते न वापरता ब्रशच करायला सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा त्यांतल्या काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते. नळी सांभाळत, सक्शन करत अशा रुग्णाचे दात घासणे किती चिकाटीचे काम आहे, हे ते करणाऱ्यालाच ठाऊक.

तोंडाकडे दुर्लक्ष होण्याची ही उणीव संगणकावर आधारित भाकितांतही राहते. अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या, सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) इशारा देणाऱ्या एका प्रणालीची २०२१ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा तिच्या नजरेतून सुमारे दोन तृतीयांश रुग्ण सुटलेले आढळले. यंत्र फक्त लिहिलेलेच वाचते, आणि तोंडाविषयी आपण काहीच लिहीत नाही. शिवाय कतारचे किंवा जपानचे निष्कर्ष मिश्री लावणाऱ्या, गुटखा खाणाऱ्या आपल्या रुग्णांना तसेच लागू पडतील असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. ते इथेच तपासायला हवे.

पुण्याला हे सहज शक्य आहे. शहरात ससूनसारखे मोठे सर्वोपचार रुग्णालय आहे, महापालिकेची रुग्णालये आहेत, आणि धनकवडीपासून पिंपरीपर्यंत दंत महाविद्यालये आहेत, ज्यांतले इंटर्न आज प्रामुख्याने बाह्यरुग्ण विभागातच शिकतात. त्यांची आठवड्यातून काही दिवस मेडिसिन वॉर्डात नेमणूक करावी, दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचे तोंडाचे गुण ‘न्यूज’च्या शेजारी नोंदवावेत, आणि आयसीयूत हलवलेल्यांचे व न्यूमोनिया झालेल्यांचे कागद सहा महिन्यांनी त्या गुणांशी ताडून पाहावेत, अशी वैद्यकीय शिक्षण विभागाला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाची कवळी काढली का, दात हलतात का, याची नोंद आपण आजही न चुकता करतो, कारण भूलतज्ज्ञांना ती लागते. मेडिसिन वॉर्डासाठी वेगळे काही शिकवावे लागणार नाही. केसपेपरची पुढची छपाई होईल, तेव्हा त्यात या आठ नोंदींचे रकाने आणि कवळीच्या डबीसाठी एक ओळ घालावी.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
कसबा पेठ, पुणे