युरोपचा रेल्वे पास: आधी आरक्षण पाहा, मग पास घ्या

मा. संपादक,
स. न.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये युरोपच्या रेल्वे पासवर लेख येऊ लागतात. एक पास घ्या आणि ३३ देशांत हव्या त्या गाडीत बसा, असा बहुतेकांचा सूर असतो. यातले ३३ देश खरे आहेत. ‘हव्या त्या गाडीत’ हे मात्र अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे प्रवाशाला पॅरिसच्या तिकीट खिडकीवर कळते, कारण पास हातात असूनही पासधारकांच्या जागा संपल्याचे तिथे सांगितले जाते. तोवर पुढची हॉटेले भरलेली असतात, पैसेही गुंतलेले असतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

मूळ गोष्ट अशी की पास म्हणजे भाडे, जागा नव्हे. काही देशांत भाडे भरलेले असले की गाडीत चढता येते, काही देशांत जागेचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात. जर्मनीत आयसीईसह जवळपास सगळ्या देशांतर्गत गाड्या, ऑस्ट्रियात रेलजेट, स्वित्झर्लंडच्या सर्वसाधारण गाड्या, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या इंटरसिटी यांत पास घेऊन थेट बसता येते. फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या आव्हे, इटलीच्या फ्रेचारोसा आणि लंडनला पॅरिस-ब्रुसेल्सशी जोडणारी युरोस्टार या वेगवान गाड्यांत आरक्षणाशिवाय पाऊल ठेवता येत नाही. टीजीव्हीच्या देशांतर्गत प्रवासाला साधारण १० ते २० युरो, फ्रेचारोसाला साधारण १३, युरोस्टारला ३० युरोच्या घरात, असे प्रत्येक माणसामागे आणि प्रत्येक गाडीमागे धरावे. चौघांचे कुटुंब आणि अशा पाच गाड्या म्हटल्या की पासच्या किमतीवर किती भर पडते, ते कागदावर मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

पैशांपेक्षाही जास्त अडवते ती जागांची मर्यादा. युरोस्टार आणि बऱ्याच टीजीव्ही गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडीत शंभर जागा रिकाम्या असल्या तरी पासवर आरक्षण मिळत नाही, पूर्ण भाड्याचे तिकीट तेवढे मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये आणि शुक्रवार-रविवारी या जागा सर्वांत आधी जातात. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी मार्ग कागदावर उतरवायचा, मग कोणत्या टप्प्याला आरक्षण सक्तीचे आहे आणि त्या तारखेला जागा आहे का ते पाहायचे, आणि त्यानंतरच पास घ्यायचा. पास विकत घेतल्यापासून ११ महिन्यांत सुरू करता येतो, त्यामुळे तो आधी घेऊन ठेवायला हरकत नाही. पण आरक्षण न पाहता घेऊ नये.

पास कोणता, याबद्दलही घोटाळा होतो. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. हे पारपत्रावर नाही, वास्तव्यावर ठरते. म्हणजे जर्मनीत नोकरी करणारी मुलगी आणि तिला भेटायला आलेले आईवडील एकाच गाडीतून फिरले तरी मुलीला इंटररेल घ्यावा लागेल आणि आईवडिलांना युरेल. शिवाय इंटररेलवर राहत्या देशात फक्त बाहेर पडण्याचा एक आणि परतीचा एक असे दोनच दिवस प्रवास करता येतो. आईवडिलांसोबत जर्मनीतच चार दिवस फिरायचे असेल तर मुलीला त्या टप्प्यांची तिकिटे वेगळी काढावी लागतील.

युरेलच्या ग्लोबल पासमध्ये, म्हणजे सर्व ३३ देशांत चालणाऱ्या पासमध्ये, दोन जाती आहेत. एकात सलग १५ दिवस, २२ दिवस, एक, दोन किंवा तीन महिने रोज कितीही प्रवास. दुसऱ्यात महिन्याभरात ४, ५ किंवा ७ दिवस, अथवा दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस निवडायचे. ज्यांना प्रत्येक शहरात दोन-तीन रात्री काढायच्या आहेत त्यांच्यासाठी दुसरा प्रकारच योग्य. १२ ते २७ वयाला आणि ६० च्या पुढे सवलत आहे. ४ ते ११ वर्षांची दोन मुले एका मोठ्या माणसाबरोबर फुकट येतात, पण त्यांचाही पास काढावा लागतो. फुकट आहे म्हणून तो न काढता बसणे म्हणजे विनातिकीट प्रवास. आणि सक्तीच्या आरक्षणाचे पैसे मुलांनाही बहुधा द्यावेच लागतात.

आता हिशेब. समजा पास ४०० युरोचा आहे आणि दिवस ७, म्हणजे दिवसाला सुमारे ५७ युरो. ज्या दिवसाचे सुटे तिकीट ५७ युरोपेक्षा स्वस्त, तो दिवस पासमधून खर्च करणे तोट्याचे. फ्लॉरेन्सहून पिसाला जाऊन यायचे तर साध्या प्रादेशिक गाडीचे एका बाजूचे तिकीट १० युरोच्या आतबाहेर असते. त्यासाठी पासचा दिवस उडवणारे लोक पाहिले की जीव हळहळतो. तसेच मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम हे टप्पे. दोन-अडीच महिने आधी काढली तर फ्रेचारोसाची तिकिटे पुष्कळदा २० ते ३० युरोंत मिळतात, आणि पासवर नुसत्या आरक्षणालाच १३ जातात. पॅरिस, झुरिक, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम या लोकप्रिय फेरीत म्हणूनच सातऐवजी चार दिवसांचा पास घ्यावा, तो फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या महागड्या टप्प्यांवर वापरावा आणि इटलीची तिकिटे सुटी काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आगाऊ स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते आणि बहुधा परत करता येत नाही, हे त्यात गृहीत धरायचे. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, हंगेरी अशी फेरी असेल तर पासला तोड नाही: म्युनिकहून साल्झबर्ग, तिथून व्हिएन्ना, पुढे बुडापेस्ट, वाटेत मन होईल तिथे उतरा आणि पुढची गाडी पकडा.

सक्तीचे आरक्षण टाळायची वाटही असते, वेळ मात्र जास्त लागतो. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून लिओंला जाणारी प्रादेशिक टीईआर सुमारे पाच तास घेते, टीजीव्ही दोन. फ्लॉरेन्स ते रोम प्रादेशिक गाडीने साधारण चार तास, फ्रेचारोसाने दीड. ब्रुसेल्स ते कोलोनला युरोस्टारऐवजी आयसीई धरली की आरक्षण न घेताही चालते. युरेलच्या रेल प्लॅनर अॅपमध्ये सक्तीचे आरक्षण नसलेल्याच गाड्या दाखवायची सोय आहे, ती चालू करून बघावी.

स्वित्झर्लंडबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिथे जाणाऱ्यांची सर्वाधिक निराशा होते. बर्निना एक्स्प्रेस आणि ग्लेशियर एक्स्प्रेस या खास पर्यटकांच्या गाड्यांच्या काचेच्या छताच्या डब्यांना पास चालतो, पण वर आरक्षणाचे बरेच पैसे पडतात आणि मोसमात जागा मिळत नाही. बर्निनाच्या बाबतीत त्यावर सोपा इलाज आहे. सेंट मॉरित्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी रोजची लाल प्रादेशिक गाडी त्याच रुळांवरून जाते. तोच २,२५३ मीटर उंचीवरचे ओस्पित्सिओ बर्निना स्थानक, तोच ब्रुसिओचा गोल पूल. आरक्षण लागत नाही, आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेचे प्रतिबिंब येत नाही. तिरानोकडे जाताना हिमनदी आणि सरोवर पाहायला उजवी बाजू धरावी. इंटरलाकेनपलीकडे युंगफ्राउयोखला जाणाऱ्या डोंगरी रेल्वेवर मात्र युरेल पूर्ण चालत नाही, भाड्यात फक्त सवलत मिळते. आठवडाभर फक्त स्वित्झर्लंडच करायचे असेल तर स्विस ट्रॅव्हल पास पाहावा, त्यात शहरांतल्या ट्राम, बस आणि सरोवरांतल्या बोटीही येतात. युरेलमध्ये शहरांतल्या मेट्रो-ट्राम येत नाहीत. जर्मनीत रेल्वेच्या एस-बान या उपनगरी गाड्यांना पास चालतो, भुयारी यू-बानला नाही.

मोबाइल पासची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण टीसीशी वाद होतात ते इथेच. रेल प्लॅनर अॅपमध्ये पास चढवायचा, सुरुवातीची तारीख ठरवायची. मग ज्या गाडीने जायचे ती शोधून आपल्या सहलीत घालायची आणि तिच्यापुढचे बटण सरकवून ती पासला जोडायची. तेव्हा तो दिवस प्रवासाचा दिवस म्हणून नोंदला जातो आणि क्यूआर कोड असलेले तिकीट उघडते. नुसता दिवस चालू करून चालत नाही, प्रत्येक गाडी जोडावी लागते, आणि तीही चढण्यापूर्वी. कोडचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. अॅपला तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट मिळाले पाहिजे, नाहीतर पास उघडत नाही. एका फोनवर घरातल्या सगळ्यांचे पास ठेवता येतात, पण एक पास एका वेळी एकाच फोनवर. म्हणजे फोनची बॅटरी संपली की सगळे कुटुंब विनातिकीट. पॉवर बँक हाताच्या पिशवीत हवीच. टीसी पारपत्रही मागतो, ते मोठ्या बॅगेच्या तळाशी नसावे.

प्रवासाचा दिवस रात्री १२ ते पुढच्या रात्री ११.५९ असा मोजतात. रात्रीच्या गाडीला सुटण्याचा दिवसच धरतात: ५ तारखेला रात्री १० ला झुरिकहून नाइटजेटमध्ये बसून ६ तारखेला सकाळी व्हिएन्नाला उतरले तर फक्त ५ तारीख खर्च होते. ६ ला उतरून लगेच बुडापेस्टची गाडी धरली की ६ तारीखही गेली. पासच्या मुदतीच्या अगदी शेवटच्या रात्री मात्र अशी गाडी धरू नये. नाइटजेटमध्ये बसायची सीट, कुशेट (सामायिक कप्प्यातला झोपायचा बर्थ) आणि स्लीपर असे तीन दर्जे असतात, आणि पास असला तरी तिन्हींना आरक्षण लागते. वयस्कर माणसांना बसायच्या सीटवर रात्र काढायला लावू नये, दुसरा अख्खा दिवस वाया जातो.

प्रत्यक्ष स्थानकावर काय चुकते? जर्मनीत गाडी वाटेत दुभंगते. बर्लिनहून सुटणाऱ्या कित्येक आयसीई हाम स्थानकावर तुटतात, अर्धी गाडी वुपरटालवरून कोलोनला जाते, अर्धी डॉर्टमुंड-एसेनवरून ड्युसेलडॉर्फच्या दिशेने. फलाट बरोबर, गाडी बरोबर, डबा चुकीचा, असे होऊ शकते. डब्याच्या बाहेरच्या पाटीवर शेवटचे स्थानक लिहिलेले असते, ते वाचूनच चढावे. फलाटावर अ, ब, क अशा अर्थाच्या अक्षरांचे भाग असतात. आपला डबा कोणत्या भागात थांबणार ते पाटीवर दाखवतात. आरक्षण नसेल तर सीटवरची छोटी पट्टी पाहावी. तिथे दोन शहरांची नावे असली तर त्या दरम्यान ती जागा दुसऱ्या कोणाची आहे.

पॅरिसमध्ये गाडी बदलायची म्हणजे बहुधा स्थानकही बदलायचे. ब्रुसेल्सहून आलेली गाडी गार दु नॉरला येते, झुरिकची गार द लिओंहून सुटते. मध्ये सामान घेऊन आरईआर ही शहरातली लोकल, तीही पासमध्ये नाही. दीड तास ठेवावा. टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात, आणि बॅगेवर नाव लिहिलेले असणे फ्रान्समध्ये बंधनकारक आहे. व्हेनिसची दोन स्थानके: मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया कालव्याकाठी. हॉटेल कुठे आहे ते पाहूनच उतरावे.

जर्मनीत उशीर होतोच, ते धरूनच चालावे. शिवाय तिथले मोठे मार्ग एकेक करून महिनोन्‌महिने दुरुस्तीसाठी बंद ठेवले जात आहेत. फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग २०२४ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत बंद होता. रेल प्लॅनर अॅपमधले ऑफलाइन वेळापत्रक हे दाखवत नाही, त्यासाठी जर्मन रेल्वेचे डीबी नॅव्हिगेटर अॅप वेगळे ठेवावे. जर्मनीतून पॅरिसला किंवा इटलीला जाणारी आरक्षणाची गाडी पुढे असेल तर मध्ये एक अख्खी गाडी चुकली तरी चालेल इतके अंतर ठेवावे.

आणि व्हिसा. लंडन मार्गाच्या मधे घातले तर भारतीय पारपत्रधारकाला ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, आणि परत युरोपात यायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. युरेल ब्रिटन, सर्बिया, तुर्कस्तानातही चालतो, पण हे देश शेंगेनमध्ये नाहीत. लंडन सहलीच्या पहिल्या किंवा शेवटच्या टोकाला ठेवले की दुसऱ्या प्रवेशाची ही अडचणच उरत नाही.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की यापुढे युरोपचा मार्ग छापताना सोबत एक छोटी चौकट द्यावी: कोणत्या टप्प्याला आरक्षण सक्तीचे, प्रत्येकी किती युरो, किती महिने आधी घ्यावे आणि जागा न मिळाल्यास पर्यायी गाडी कोणती. छायाचित्र थोडे लहान केले तर तेवढी जागा सहज निघेल.

आपला,
एक वाचक