मिस्त्री, त्या दोरीबद्दल

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

काम संपलं त्या दिवशी घरात माणसांची इतकी वर्दळ होती की तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. "छान झालं हो काम," एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते फार अपुरं होतं, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

तुमच्या आधी जे कंत्राटदार होते त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली, मागची भिंत फोडली, वाढीव खोलीचा पाया भरावाच्या मातीत उथळच खणून ठेवला आणि मग फोन उचलणं बंद केलं. कधी उगवलेच तर कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर. मधली भिंत काढली तर वरचा स्लॅब कशावर राहणार? "काही होत नाही हो." खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चाललीय. "काही होत नाही, प्लास्टरमध्ये बुजेल." ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्यांना असं बोलायचं धाडस माणसाला होतं तरी कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा अपराध मात्र वेगळाच होता, आणि तो त्यांच्या कधी लक्षातही आला नाही. आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही. औषधं घालायची ती उरलेली राखण्यासाठी. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं जवळजवळ नाही. तरी त्या घरभर एकट्या फिरायच्या, कारण घर त्यांच्या हाताला पाठ होतं. खोलीतून निघालं की उजवा हात भिंतीवर. मग चौकट, मग कोनाडा, मग पुन्हा भिंत, आणि ती संपली की न्हाणीघराचं दार. हे सारं बांधकाम काढलं तेच मुळी त्यांच्या खोलीला लागून न्हाणीघर व्हावं म्हणून. आणि त्याच कामाने त्यांची भिंत नेली. वाटेत सिमेंटच्या गोण्या, आडव्या फळ्या, उघड्या सळया. एकदा सळईने त्यांची नडगी सोलवटली. "जरा बघून चालायचं ना," असं त्यांनाच ऐकवलं गेलं.

त्यानंतर आई खोलीबाहेर येईनाशा झाल्या. पाणीही कमी प्यायला लागल्या. मला आधी वाटलं तब्येत बरी नसेल. मग एका रात्री त्या म्हणाल्या, "पाणी प्यायलं की उठावं लागतं गं." माझ्या हातातला घास तिथेच राहिला.

अशा वेळी तुम्ही आलात. फोडलेली भिंत, तो पाया, ती भेग, सगळं पाहिलंत. आधीच्या माणसाने केलेलं काम हातात घ्यायला कुणी तयार होत नाही, तुम्ही झालात. आणि मधल्या भिंतीपाशी थांबून तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही: "ही भिंत वजन घेतेय. हिला हात लावायचा का नाही ते मी ठरवणार नाही, इंजिनिअरला बोलवा." इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस "हे माझ्या अखत्यारीतलं नाही" असं सरळ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या जिवावरचं ओझं उतरतं. त्या रात्री आम्ही सगळे शांत झोपलो.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते त्या दोरीसाठी आहे.

आई दाराशी येऊन हवेत हात फिरवत उभ्या होत्या, भिंत शोधत. तुम्ही ते पाहिलंत. कुणाला काही विचारलं नाही. संध्याकाळी माणसं हातपाय धुवायला गेली तेव्हा तुम्ही त्यांच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत जाड दोरी ताणून बांधलीत, बरोबर कमरेच्या उंचीवर. तुमच्या पिशवीत लाईनदोरी होती, पण ती बारीक, हाताला कापते, म्हणून सामानातली सुती दोरी शोधून काढलीत. पायरी यायच्या आधी एक गाठ मारलीत, दाराच्या आधी दोन. मग डोळे मिटून, दोरी धरून स्वतः चालत गेलात. मी दाराआड उभी राहून बघत होते. मध्ये एका ठिकाणी तुमच्या पायाला फळी लागली. ती उचलून बाजूला ठेवलीत, माघारी फिरलात आणि पुन्हा पहिल्यापासून चाललात. तेव्हा कुठे आईंना हाक मारलीत: "आई, भिंत होईपर्यंत ही धरा. एक गाठ आली की पायरी, दोन आल्या की दार."

आई गेल्या आणि आल्या. एकट्या. खोलीत परतल्यावर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, भरलेला तांब्या.

पुढे काम सरकत गेलं तशी दोरीही सरकत गेली. निघण्याआधी तुम्ही सांगायचात, "आई, आज डावीकडे वळवलीय," आणि त्यांना एकदा चालवून बघितल्याशिवाय घरी जायचा नाहीत. तुमच्या हाताखालच्या पोरांपैकी एकाने दोरीवर ओला टॉवेल टाकला तेव्हा तुम्ही त्याच्यावर ओरडला नाहीत. त्याला डोळे मिटून चालायला लावलंत, बस. त्यानंतर त्या दोरीला कुणी हात लावला नाही, आणि वाटेत पुन्हा कधी घमेलंही दिसलं नाही.

हे कुठल्याही करारात नव्हतं. याचं बिल लागलं नाही, लागणारही नव्हतं. राहत्या घरात तोडफोड चालू असते तेव्हा आतल्या माणसांनी अंग चोरून राहायचं, असंच सगळे धरून चालतात. घर वाढतंय ना, मग थोडं सोसा. तुम्ही मात्र आधी आत कोण राहतंय ते पाहिलंत आणि मग विटेला हात लावलात. सरळपणा म्हणतात तो हाच असावा. तो कुणाला दाखवण्यासाठी नसतो, म्हणून बऱ्याचदा कुणाच्या नजरेसही पडत नाही. माझ्या नजरेस पडला तो केवळ मी दाराआड उभी होते म्हणून. माझ्या पाठीमागे तुम्ही आणखी काय काय केलं असेल, देव जाणे.

तुमचं कामही त्याच मनाने झालं. पाया टणक जमीन लागेपर्यंत खाली नेलात. जुनं घर कधीच बसून स्थिरावलंय, नवं अजून बसायचंय, दोन्ही घट्ट जखडली तर सांध्यातच तडकणार, हे मला जमिनीवर रेघा ओढून समजावलंत आणि मध्ये फट सोडून ती वरून नीट झाकलीत. स्लॅबला किमान ७ दिवस पाणी, ऊन कडक आणि हवा कोरडी असेल तर १०, यात तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. आधीच्यांनी टेकू लवकर काढायची किती घाई केली असती, याचा नुसता विचार आला तरी अंगावर काटा येतो. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, हे आता आमच्या घरातलं शेंडेफळही सांगतं, कारण ते तुमच्या मागेमागे पाइप धरून फिरत होतं.

आता आईंच्या खोलीतून थेट न्हाणीघरात जाता येतं, आणि सगळ्या वाटेवर भिंतीला कठडा आहे. त्याची उंची तुम्ही टेपने ठरवली नाहीत. आईंना उभं केलंत, त्यांचा हात सहज जिथे पडला तिथे पेन्सिलीने खूण केलीत. न्हाणीघराच्या दाराआधी कठड्यात दोन खाचाही पाडल्यात, न सांगता. त्या आईंनाच आधी सापडल्या.

पहिला मोठा पाऊस झाला की जुन्या-नव्या घराचा सांधा बघायला येतो म्हणाला होतात. या नक्की, पण सकाळी घाईत नको, दुपारी निवांत या आणि घरच्यांना बरोबर आणा. आईंनी तसं बजावून लिहायला सांगितलंय. तुमच्या आईंची तब्येत बरी नसते असं आमच्या आईंशी बोलताना म्हणाला होतात, त्याची त्यांना काळजी लागून राहिलीय. शक्य असेल तर तुमच्या आईंनाही घेऊन या.

कळावे,

तुमच्या हातच्या घरात राहणारी,
या घरची सून