पश्यास पत्र: विंडोज अजून ठेवलंय ते तुझ्यासाठीच

सांगली, रविवार, ११ जानेवारी २०२६

पश्या लेका,

पत्र बघून हसू नकोस. "लिनक्स टाकलंस म्हणे, गेम चालतात का रे?" असं तू विचारलंस आणि मी चार व्हॉइस नोट रेकॉर्ड करून चारही डिलीट केल्या, कारण हो म्हटलं तरी अर्धं खोटं आणि नाही म्हटलं तरी अर्धं खोटं. म्हटलं बसून लिहूनच काढू, तसाही आज लाईट आहे.

माझं मशीन तुला माहितीय. सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि लॅमिंग्टन रोडवरून आपण दोघांनी घेतलेलं ते सोळापन्नास ग्राफिक्स कार्ड, जे महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर मांडीवर धरून आणलं होतं, तू घोरत होतास आणि मी डोळा लावला नव्हता. तर १४ ऑक्टोबरला विंडोज टेनचा सपोर्ट संपला, आणि इलेव्हनला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे एका जनरेशनने हुकलो. चांगलं चालणारं मशीन त्यासाठी भंगारात काढायचं जिवावर आलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. विंडोज पण ठेवलं, ते का ते पुढे सांगतो.

आधी गेमचं. खरं सांगू, मला वाटलेलं निम्मे गेम रडतील, पण स्टीमवरचे, म्हणजे त्या गेमच्या ऑनलाइन दुकानातले, सिंगल प्लेअर जवळजवळ सगळे चालले. विचर थ्री तर इन्स्टॉल केला, प्ले दाबलं आणि सुरू, मी उगाच टर्मिनल उघडून तयारीत बसलो होतो. ही सगळी प्रोटॉनची कृपा. वाइन नावाचं एक प्रकरण १९९३ पासून आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं, त्यावर स्टीमवाल्या वॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन बांधलं. गेम बिचारा डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत, बोलत राहतो, मधला दुभाषा ते सगळं वल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत, सांगतो आणि ग्राफिक्स कार्डाला पत्ताच नाही की पलीकडे विंडोज नाहीये. वॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेकही असाच चालतो, आणि तो २०२२ मध्ये आल्यापासून गेम बनवणारेही जरा लक्ष द्यायला लागलेत. पहिल्यांदा गेम उघडताना "शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) प्रोसेस होतायत" म्हणून स्टीम थांबवून ठेवतं, तेवढ्यात चहा होतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून दोन क्लिकमध्ये आला, त्याची लोकांनी जेवढी भीती घातली होती तेवढं काही नव्हतं.

आता रडगाणं. लिनक्सने मला छळलं नाही रे, एका घरात दोन बिऱ्हाडं बसवण्याने छळलं, आणि त्यातही निम्म्या चुका माझ्याच.

पहिलं म्हणजे घड्याळ. रात्री साडेनऊला विंडोज उघडलं तर कोपऱ्यात दुपारचे चार. बरोबर केलं, दुसऱ्या दिवशी मिंटमध्ये जाऊन आलो, परत साडेपाच तास मागे! मला वाटलं मदरबोर्डचा सेल गेला, नवीन आणून टाकला, तरी तेच. आई म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर लंडनला गेला का?" आणि गंमत म्हणजे उत्तर तेच होतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिच वेळ ठेवतो आणि विंडोज त्याच घड्याळाला आपली इथली वेळ समजून वाचतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मधल्यामध्ये मी सेल बदलतोय. मिंटला एका ओळीत सांगितलं की बाबा तू पण इथलीच वेळ ठेव, मिटलं. ती ओळ व्हॉट्सॲपवर पाठवतो, हाताने टाइप करू नकोस.

दुसरं, बाबा. त्यांना सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये टाकायचा असतो. मी ऑफिसात, आणि फोन, "अरे ते काळं काहीतरी आलंय, आकडे उलटे मोजतंय." तो ग्रब, म्हणजे कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा मेनू, दहा सेकंदात निवडलं नाही तर सरळ मिंट उघडतो. बाबांनी चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद संपतात. असे पाच वेळा झाले, मग ते म्हणाले मी वहीत लिहितो, आणि खरंच लिहायला लागले.

पण खरा घोळ डी ड्राइव्हचा. तुला वाटेल तसंच मलाही वाटलं की गेम तर डी ड्राइव्हवर आहेतच, तेच फोल्डर लिनक्सच्या स्टीमला दाखवू, परत शंभर जीबी कोण उतरवणार. प्ले दाबायचो, बटण निळं व्हायचं, दोन सेकंदांनी परत हिरवं. ना एरर ना काही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आधी कळलं की फास्ट स्टार्टअप चालू राहिलंय, म्हणजे विंडोज शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्याकडेच धरून ठेवतं, मग लिनक्स तो नुसता वाचू देतो, लिहू देत नाही. ते बंद केलं. तरी नाही! मग कळलं की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतो, तिच्या नावात कोलन असतो आणि विंडोजच्या एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइल ठेवायच्या त्याच्या पद्धतीत, तसलं नाव चालत नाही. गेम लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी-फोर पद्धतीच्या पार्टिशनवरच, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावरच, ठेवायचे, हे सरळ उत्तर मला सगळ्यात शेवटी मिळालं.

म्हणून डी ड्राइव्ह लहान करून जागा काढायला घेतली. बॅकअप? नाही घेतला. यूपीएसची बॅटरी तर गणपतीपासूनच मेलेली. जीपार्टेड या डिस्कचे भाग लहानमोठे करणाऱ्या प्रोग्रामची पट्टी निम्म्यावर आली असेल आणि लाईट गेली. काय वाटलं ते लिहीत नाही. गेमचं काही नाही, ते परत उतरतात, पण त्याच ड्राइव्हवर आपले राजगडचे फोटो होते. उडालेल्या फाइल शोधणारा फोटोरेक रात्रभर चालवला, बरेच परत आले, पण ना नाव ना तारीख, एफ आणि पुढे लांबलचक आकडे. बाबांची पॅनची स्कॅन कॉपी, मग राजगडचा चोर दरवाजा, मग कुणाच्या तरी मुंजीतली पंगत. अजून निवडतोय.

त्यानंतर शहाणपण आलं आणि ५०० जीबीची वेगळी एसएसडी घेतली. मिंट तिच्यावर, टाकताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवली. आता मशीन सुरू केलं की थेट विंडोज, बाबा खूश, आणि मला मिंट हवं असेल तेव्हा सुरू होताना एफ-ट्वेल्व्ह दाबतो. तू करशील तर पहिल्यापासून असंच कर, एका डिस्कवर दोघांना कोंबू नकोस.

आता विंडोज का ठेवलंय. हिशेब तर लिबरऑफिसमध्येही, म्हणजे लिनक्सवरच्या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्येही, होईल, बाबांना चार दिवसांत सवय होईल. पण आपला शनिवारचा गेम व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. त्याचा अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारा प्रोग्राम, विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात, मशीन सुरू झाल्यापासून बसलेला असतो, त्याला प्रोटॉनच्या दुभाष्याचा काही उपयोग नाही. बाकी काही अँटी-चीट लिनक्सवर चालू शकतात, पण गेमवाल्यांनी परवानगी द्यावी लागते आणि देऊन काढूनही घेतात, एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बंद केला. म्हणजे आठवड्यातून दोन तास तुझ्या शिव्या खायला मी सपोर्ट संपलेली एक अख्खी सिस्टीम सांभाळतोय.

तर माझं म्हणणं असं, येत्या शनिवारी काउंटर-स्ट्राइक टू. फुकट आहे, लिनक्सवर थेट चालतो, प्रोटॉनही लागत नाही. जुन्या काउंटर-स्ट्राइक वन पॉइंट सिक्ससाठी कॅफेत तासाचे वीस रुपये देऊन डस्ट टूवर पडीक असायचो, तो मॅप यात आहे. डाउनलोड मोठं आहे, शुक्रवारी रात्रीच लावून ठेव. एक महिना खेळून बघ, नाही आवडलं तर मी गपचूप व्हॅलोरंटवर परत येतो, विंडोज लगेच काही उडवत नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बंड्या

ता. क. पिवळ्या रेनकोटमधला तुझा फोटो सापडला, पण नुसता थंबनेल, स्टॅम्पएवढा. तेवढ्यातही डोळे मिटलेलेच दिसतायत.