पोलंडमधल्या क्राकोवच्या म्युझियममधल्या खुर्चीवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार. चार्तोरिस्की म्युझियममध्ये लिओनार्दोच्या 'लेडी विथ अ‍ॅन अर्मिन' या चित्राच्या खोलीत ड्युटीला असलेल्या तुम्ही, आणि गुडघे धरून भिंतीला टेकलेली ती साडीतली बाई म्हणजे माझी आई.

आईने सगळी नोकरी ड्रॉइंग टीचर म्हणून काढली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली, आणि हे चित्र आयुष्यभर पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छपाईत पाहिलं. आमच्या टूर लीडरला मात्र बाजार चौकात फोटो, सुकिएनीत्से या तिथल्या जुन्या कापडबाजारात खरेदी आणि इंडियन जेवण एवढंच क्राकोव माहीत. वर आईला म्हणतो कसा, आजी तुम्ही बसमध्ये बसा, चित्र काय मोबाईलवर पण दिसतं! (पैसे घेताना आजी नव्हती हं, तेव्हा मॅडम होती.) मग आम्ही ग्रुप सोडून सरळ तुमच्याकडे आलो.

तुम्ही काही विचारलं नाहीत. स्वतःची खुर्ची उचललीत, चित्रासमोर ठेवलीत, मग खाली वाकून आईच्या उंचीवरून बघितलंत आणि काचेवर चमक येत होती म्हणून खुर्ची थोडी तिरकी केलीत. ते वाकून बघणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. खुर्ची कोणीही देईल हो, पण तिला तिथून नीट दिसतंय का हे कोण बघतं? आणि नंतर फोनवाली गर्दी आली तेव्हा तुम्ही हातानेच सगळ्यांना बाजूला केलंत, आई उठेपर्यंत स्वतः उभ्या.

चित्र जेमतेम 54 बाय 39 सेंटीमीटरचं, अक्रोडाच्या फळीवर रंगवलेलं, 1490 च्या आसपासचं. आई चित्रातल्या त्या बाईच्या, चेचिलियाच्या हाताची बोटंच बघत बसली, मुंगसासारख्या त्या पांढऱ्या प्राण्यावर अलगद टेकवलेली. नाझींनी पळवलेलं हे चित्र 1946 ला परत आलं, त्याच संग्रहातलं राफाएलचं मात्र 1945 पासून गायबच आहे. आणि मुळात चार्तोरिस्कींच्या मुलाने हे इटलीतून आणलं ते आपल्या आईसाठी, इझाबेलासाठी, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, मी आपला आईलाच उचलून चित्राकडे आणलं.

आईला तुम्हाला सांगायचं होतं की आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात तुमच्याकडची हजारो माणसं राहून गेलीत, म्हणजे आपली जुनी ओळख आहे, पण सांगणार कुठल्या भाषेत, म्हणून तिने नुसता तुमचा हात धरला आणि तुम्ही तो सोडवून घेतला नाहीत. अशी माणसं असतात म्हणून परक्या गावात फिरायला भीती वाटत नाही, बाकी पैसे मोजून घेतलेली सर्व्हिस आम्ही बघितलीच की!

आता आई सोसायटीतल्या पोरांकडून ती बोटं काढून घेतेय, कोणालाच जमत नाहीयेत. आणि तो टूर लीडर फाइव्ह स्टार रिव्ह्यूसाठी रोज मेसेज टाकतोय, त्याला हेच पत्र पाठवणार आहे.