पाचवीची फेरपरीक्षा आणि त्याआधीचे वर्ष

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन, फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्य शासनाने २०२३ मध्ये केली. तेव्हापासून चर्चा होते ती बहुतेक वेळा मुलांना नापास करावे की नाही, एवढ्याचीच. अनेक वर्षे पाचवीला गणित शिकवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, मुलाचे नेमके कुठे अडते हे शोधणे हाच अध्यापनाचा गाभा आहे आणि या चर्चेत त्याचाच विसर पडला आहे.

एक उदाहरण देते. ५२ वजा ३७ याचे उत्तर वर्गातली दोन मुले २५ असे लिहितात. एकाने दोनातून सात जात नाहीत म्हणून उलट सातातून दोन वजा केलेले असतात. दुसऱ्याने दशक सुटा करून बारातून सात बरोबर वजा केलेले असतात, पण पाच दशकांतला एक कमी करायचे राहून गेलेले असते. उत्तरपत्रिकेत दोघांनाही शून्य गुण. प्रत्यक्षात पहिल्याला काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे हातात देऊन एकक-दशकापासून शिकवावे लागते; दुसऱ्याला २५ मध्ये ३७ मिळवून बघायला सांगितले, तर बहुधा तो स्वतःच चूक शोधून काढतो. हा फरक कळतो तो मुलाजवळ बसून, न रागावता, ‘हे कसे केलेस, सांग बरं’ असे विचारल्यावरच. असे वारंवार विचारले गेलेले मूल आपला विचार शब्दांत मांडायला शिकते आणि चूक लपवणे सोडून देते. विद्यार्थ्याचा विकास म्हणतात तो मला इथेच दिसत आला आहे.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाच्या प्रगतीची वर्षभर नोंद ठेवण्याची पद्धत, २०१० मध्ये आले ते याचसाठी. परंतु वर्णनात्मक नोंदींत ‘गणितात रस घेतो’, ‘उपक्रमांत सहभागी होतो’ अशी ठरावीक वाक्ये उतरवली जाऊ लागली. याचा दोष एकट्या शिक्षकाला देता येणार नाही, कारण ऑनलाइन माहिती भरण्यात त्याचे कितीतरी तास जातात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुत्तीर्ण मुलाला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पूरक मार्गदर्शन आणि फेरपरीक्षेची संधी द्यायची असते. आपल्याकडे हे दोन महिने बव्हंशी उन्हाळी सुटीत येतात. शाळा बंद असतात, कित्येक मुले गावाला गेलेली असतात, आणि वर्षभर जे उमगले नाही ते एवढ्या अवधीत उमगावे अशी आपली अपेक्षा असते. म्हणून शिक्षण विभागाने पूरक मार्गदर्शन प्रथम सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित चाचणीनंतर लगेच सुरू करावे, त्यासाठी वेळापत्रकात रोज एक तासिका राखून ठेवावी आणि नोंदवहीत मुलाची चूक कोणती, तिचे कारण काय व त्यावर काय केले, एवढेच लिहिण्याची मुभा शिक्षकांना द्यावी.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका