कोयनेच्या भूकंपाला अर्धी माफी

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं राहू दे" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहितेय. नाव टाकत नाही, आवडणार नाही तुम्हाला.

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्याची मागची भिंत कमरेपर्यंत ओली, रंग दिला की दिवाळीपर्यंत पोपडे. तीन जण बघून गेले होते. एक म्हणाला केमिकल मारू, दुसरा म्हणाला टाइल लावा म्हणजे दिसणारच नाही (!), तिसऱ्यानं तर वाडा पाडायचा हिशोबच काढला. तुम्ही आलात आणि पहिला तासभर काही बोललाच नाहीत, किल्लीनं भिंत टकटक करत फिरलात, मग बाहेर बोळात जाऊन टेप लावलीत. बोळ आमच्या फरशीपेक्षा चार इंच वर! दरवेळी जुन्यावरच नवीन काँक्रीट ओतलेलं, जोत्याचा दगड कधी गाडला गेला आम्हाला कळलंच नाही, आणि पावसाचं पाणी सरळ भिंतीला टेकून उभं राहायचं.

आणि वर आमचीच करणी. बाबांनी हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, मजबूत म्हणून. तुम्ही म्हणालात, विटा आणि चुन्याची भिंत ओल पिते आणि वाळते पण, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलंत, मग पाणी बाहेर पडायला वर वर चढणार आणि वाळेल तिथं मीठ फुटणार, ते मीठच रंग ढकलतंय. बाबा दोन दिवस गप्प होते हां.

पण मला सगळ्यात आवडलं ते भेगांचं. आमच्याकडे भेग दिसली की आजी सांगणार, 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, पहाटे अख्खी पेठ रस्त्यावर. माजघरातली भेग कोयनेची, मागच्या कोपऱ्यातली पण कोयनेचीच. तुम्ही बॅटरी मारून दाखवलंत, माजघरातल्या भेगेच्या आत जुन्या निळ्या चुन्याचे थर, कोपऱ्यातलीच्या कडा कोऱ्या, आणि ती वर रुंद, खाली बारीक, म्हणजे कोपरा खचून बाहेर झुकतोय. तरी लगेच निकाल दिला नाहीत. दोन्हीवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून पेन्सिलनं तारीख लिहिलीत आणि म्हणालात पावसाळा जाऊ दे. ऑगस्टमध्ये कोपऱ्यातली पट्टी तडकली, माजघरातली जशीच्या तशी. खणलं तर पन्हाळीचा पाइप जमिनीखाली फुटलेला, पायाखालची माती धुऊन जात होती. आजी अजून म्हणते सुरुवात कोयनेनंच केली असणार, आम्ही वाद घालत नाही.

पाइप बदलला, बोळाच्या बाजूनं चर काढला, सिमेंट खरवडून भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली (पाहुणे विचारायचे हे काय) आणि मग चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम येणारा मिस्त्री वाईजवळ सापडला, तोही तुमच्यामुळेच. यंदाचा पाऊस गेला, भिंत कोरडी आहे काका. खालच्या वीतभर पट्ट्यात थोडं मीठ येतंय, तुम्ही सांगितल्यासारखं कोरड्या ब्रशनंच झाडतोय, पाणी लावत नाही.

पैसे घेतले नाहीत, निदान कंदी पेढे घ्या, काकूंना शुगरचं मी सांगते. आणि माजघरातली पट्टी काढू का राहू दे? आजी म्हणते राहू दे, तिच्या भूकंपाचा तो एकच पुरावा उरलाय.